अमेरिकेतल्या ऑनर सोसायट्या: अर्ज नसतो, मग नाव राहतं कुठे?

‘फॉर्म कुठे मिळेल?’ अमेरिकेत शिकायला आलेल्या आपल्या मुलामुलींकडून ऑनर सोसायटीबद्दल, म्हणजे अभ्यासात वरचढ ठरलेल्यांना सभासद करून घेणाऱ्या मानाच्या संस्थेबद्दल, पहिला प्रश्न येतो तो हाच. त्यांची चूक नाही. महाडीबीटीवर फॉर्म भरायचा, उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, मार्कशीट जोडायची, मग कॉलेजच्या खिडकीवर खेटे घालायचे, यातच आपण वाढलो. इथे बहुतेक जुन्या सोसायट्यांना फॉर्मच नसतो. रजिस्ट्रारच्या ऑफिसातून गुणांप्रमाणे यादी निघते, ती विद्यापीठातल्या त्या सोसायटीच्या शाखेकडे, म्हणजे चॅप्टरकडे जाते आणि तिथून निमंत्रण येतं. तुमच्या नकळत तुमचा विचार होतो आणि तुमच्या नकळत तुमचं नाव गळूही शकतं. ते कुठे गळतं, तेवढं इथे सांगतो. बाकीची प्रक्रिया सोपी आहे.

आधी कोण पात्र ते बघू, कारण निम्मे लोक भलत्याच सोसायटीच्या निमंत्रणाची वाट बघत असतात.

सगळ्यात जुनी फाय बीटा कॅपा. ५ डिसेंबर १७७६ रोजी विल्यम अँड मेरी कॉलेजात सुरू झालेली. ती कला आणि शुद्ध विज्ञान शाखांत बॅचलर्स करणाऱ्यांसाठी आहे. अमेरिकेतल्या साधारण १० टक्के उच्चशिक्षण संस्थांतच तिचे चॅप्टर आहेत. मास्टर्सचे गुण कितीही चांगले असोत, कॉम्प्युटर सायन्समध्ये एमएस करणाऱ्याला तिचं निमंत्रण येत नाही. त्यात कमीपणा काही नाही, ती सोसायटी त्याच्यासाठी नाहीच.

इंजिनिअरिंगवाल्यांनी टाऊ बीटा पाय बघावी. ती १८८५ साली लीहाय विद्यापीठात सुरू झाली. तिसऱ्या वर्षाच्या वर्गातले वरचे एक अष्टमांश आणि शेवटच्या वर्षाचे वरचे एक पंचमांश विद्यार्थी पात्र ठरतात. मास्टर्स आणि पीएचडीच्या विद्यार्थ्यांनाही दार उघडं आहे. त्यांच्या वर्गातले वरचे एक पंचमांश, किंवा ज्यांच्या कामाच्या दर्जाची ग्वाही एखादा प्राध्यापक देईल ते. हा दुसरा रस्ता फार थोड्यांना माहीत असतो. इलेक्ट्रिकल आणि कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला एटा कॅपा न्यू आहे. इलिनॉय विद्यापीठात १९०४ साली सुरू झालेली ही सोसायटी आता आयईईई या इलेक्ट्रिकल इंजिनिअरांच्या संघटनेचा भाग आहे. तिथे तिसऱ्या वर्षाचे वरचे पाव आणि शेवटच्या वर्षाचे वरचे एक तृतीयांश विद्यार्थी घेतात.

सगळ्या शाखांसाठी फाय कॅपा फाय, १८९७ची, मेन विद्यापीठातली. तिसऱ्या वर्षी किमान ७२ सेमिस्टर क्रेडिट झालेली असावीत आणि वर्गात वरच्या साडेसात टक्क्यांत नंबर असावा. शेवटच्या वर्षी आणि मास्टर्सला वरचे १० टक्के. एमबीए वगैरे करणाऱ्यांना बीटा गॅमा सिग्मा, पण कॉलेजला एएसीएसबी या बिझनेस कॉलेजांना मान्यता देणाऱ्या संस्थेची मान्यता असेल तरच. तिथे बॅचलर्सचे वरचे १० आणि मास्टर्सचे वरचे २० टक्के.

सिग्मा झायचं मात्र वेगळं आहे. कॉर्नेलमध्ये १८८६ साली सुरू झालेली ही संशोधकांची सोसायटी गुणांच्या यादीवर चालत नाही, सभासदांच्या शिफारशीवर चालते. त्यामुळे तिथे तोंड उघडावं लागतं. संशोधनाची नुसती सुरुवात झाली असेल तर सहयोगी सभासदत्व मिळतं. पूर्ण सभासदत्वासाठी प्रमुख लेखक म्हणून दोन शोधनिबंध, किंवा पेटंट, अहवाल, प्रबंध असं स्वतःचं काम दाखवावं लागतं. आपली मुलं गाईडसमोर हा विषय काढायला लाजतात. लाजू नका. गाईड स्वतः सभासद असेल तर त्याला एक ओळीची ईमेल पुरते.

‘माझा जीपीए ३.९ आहे, तरी निमंत्रण का नाही?’ हा दुसरा नेहमीचा प्रश्न. (जीपीए म्हणजे ग्रेडची चारपैकी सरासरी.) कारण इथे जीपीए नाही, नंबर मोजतात. तिसऱ्या वर्षाला ४०० विद्यार्थी असले तर एक अष्टमांश म्हणजे ५० जण. पन्नासाव्याचा जीपीए यंदा ३.८५ असेल, पुढच्या वर्षी ३.९२ असेल. आणि हा नंबर बहुतेक विद्यापीठांच्या ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे गुणपत्रकावर, छापलेलाच नसतो. म्हणजे पात्रता ज्या आकड्यावर ठरते तो आकडाच विद्यार्थ्याच्या हातात नसतो. हा प्रकार मला मनापासून खटकतो. विचारायला गेलात तर रजिस्ट्रार कॉलेजकडे बोट दाखवतो, कॉलेज चॅप्टरकडे आणि चॅप्टर परत रजिस्ट्रारकडे. तरी विचारा, पण प्रश्न नेमका ठेवा. ‘मी का नाही?’ असं लिहिलंत तर गुळमुळीत उत्तर येतं. ‘या सेमिस्टरची यादी कोणत्या तारखेच्या रेकॉर्डवरून काढली आणि त्या दिवशी माझी किती क्रेडिट धरली?’ असं लिहिलंत तर कुणाला तरी रेकॉर्ड उघडून बघावंच लागतं.

त्या तारखेत बरंच काही दडलेलं असतं. एमएसच्या पहिल्या सेमिस्टरला सगळे ‘ए’ मिळाले तरी क्रेडिट पुरेशी झालेली नसतात, म्हणून नाव येत नाही. ते पुढच्या फेरीत येतं. एखाद्या विषयाची ग्रेड ‘इनकम्प्लीट’ राहिली असेल तर ती मार्गी लागेपर्यंत हिशोब अर्धवट राहतो. आणि भारतातले गुण इथे धरतच नाहीत. मुंबई किंवा पुणे विद्यापीठाच्या मार्कशीटचं दहाच्या स्केलवरून चारच्या स्केलवर रूपांतर करून घ्यायला काही जण पैसे मोजतात. मास्टर्सच्या ऑनर सोसायटीसाठी त्याचा काडीचाही उपयोग नाही. तो खर्च करू नका.

आता कुणाच्या लक्षातच येत नाही अशी गोष्ट. अमेरिकेत १९७४ पासून विद्यार्थ्यांच्या माहितीच्या गोपनीयतेचा फेर्पा नावाचा कायदा आहे. प्रवेशाच्या वेळी पोर्टलवर ‘माझी माहिती कुणाला देऊ नका’ असा एक पर्याय असतो. घरापासून इतक्या लांब आलेली सावध मुलं, त्यातही मुली, तो पर्याय निवडतात. ते समजण्यासारखं आहे. पण त्यानंतर तुमचं नाव बाहेर द्यायची रजिस्ट्रारला मनाई होते आणि ऑनर सोसायटीच्या यादीतूनही ते वगळलं जाऊ शकतं. कुणी कळवत नाही. पोर्टलवर तुमच्या रेकॉर्डवर असा ‘होल्ड’ आहे का ते एकदा बघा. असला तर तो ठेवायचा की काढायचा हे तुमच्याच हातात आहे. ठेवायचा असेल तर निदान चॅप्टरच्या सल्लागार प्राध्यापकाला स्वतःहून लिहून ठेवा.

निमंत्रण येतं विद्यापीठाच्या ईमेलवर. आपली मुलं बघतात स्वतःचं जीमेल. माझ्या ओळखीतल्या सांगलीच्या एका मुलीला निमंत्रण आलं होतं, तिचं नाव यादीत होतं, सगळं झालं होतं. तिने ती ईमेल वाचली तेव्हा मुदत संपून ११ दिवस झाले होते. तिच्या चॅप्टरने ऐकून घेतलं नाही. सप्टेंबर-ऑक्टोबर आणि फेब्रुवारी-मार्च या महिन्यांत विद्यापीठाची मेलबॉक्स स्पॅमसकट रोज बघा. हे कंटाळवाणं आहे, तरी करा.

मुदतीचे घोळ तर किती सांगावेत! अमेरिकेत आधी महिना लिहितात, मग दिवस. ०४/०५ म्हणजे ५ एप्रिल. तो ४ मे समजून निवांत बसलेली मुलं मी दरवर्षी बघतो. दुसरं म्हणजे ‘१५ मार्च, रात्री १२’. याचा अर्थ १४ तारीख संपते ती रात्रही असू शकतो. १५ची रात्र धरून बसू नका. तिसरं, सुट्टीत घरी गेलेल्यांसाठी. पूर्व किनाऱ्यावरच्या विद्यापीठाचे रात्रीचे ११:५९ म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळचे १०:२९, आणि उन्हाळी वेळ लागू असताना ९:२९. पश्चिम किनाऱ्याला त्यात तीन तास मिळवा. निमंत्रण स्वीकारायची मुदत, फी भरायची मुदत आणि समारंभाची तारीख या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘हो’ म्हटलं म्हणजे काम झालं असं धरू नका. टाऊ बीटा पायच्या काही चॅप्टरमध्ये निवड झालेल्यांना बैठकांना किंवा सेवाकार्याला हजर राहावं लागतं. ते हुकलं तर सभासदत्व पुढे ढकललं जातं.

कागदपत्रं जवळपास लागतच नाहीत. बहुतेक ठिकाणी विद्यार्थी क्रमांक, नाव, पत्ता आणि फी. सोशल सिक्युरिटी नंबर, पासपोर्टची प्रत, आय-२० (विद्यार्थी व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो कागद) यांची ऑनर सोसायटीला काही गरज नसते. कुणी मागितलं तर देऊ नका.

अडतं ते नावावर. आपल्या पासपोर्टवर पहिल्या नावाच्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र असतं, विद्यापीठ तेच उचलतं, आणि प्रमाणपत्रावर वडिलांचं नाव मधेच कापलं जातं किंवा तुमचंच पहिलं नाव असल्यासारखं छापलं जातं. आडनावाचा रकाना रिकामा असेल तर आणखी वाईट. व्हिसावर नाव आडनावाच्या जागी जातं आणि पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’ येतं, म्हणजे पहिलं नाव अज्ञात. मग प्रमाणपत्रावरही तेच. लग्नानंतर नाव बदललेल्यांचंही असंच होतं, एका रेकॉर्डवर माहेरचं आणि दुसऱ्यावर सासरचं. हे निमंत्रण आल्यावर नव्हे, आत्ताच रजिस्ट्रारकडे जाऊन नीट करून घ्या. प्रमाणपत्र छापून आल्यावर कुणी दाद देत नाही.

फाय बीटा कॅपामध्ये एक अट आणखी आहे, ती अमेरिकेतच वाढलेल्या आपल्या मुलांनी ध्यानात घ्यावी. मातृभाषेव्यतिरिक्त दुसऱ्या भाषेचं ज्ञान आणि कॉलेज पातळीवरचा गणित, तर्कशास्त्र किंवा संख्याशास्त्राचा निदान एक विषय लागतो. घरात मराठी बोलणारी मुलं समजतात की भाषेचं आपलं झालंच. पण घरी आजीशी मराठीत बोलणं ट्रान्सक्रिप्टवर दिसत नाही. तुमचा चॅप्टर ते कशावरून मान्य करतो, भाषेची परीक्षा घेतो की अभ्यासक्रमच पाहतो, हे दुसऱ्या वर्षीच विचारा. चौथ्या वर्षी कळून उपयोग नाही, तेव्हा विषय घ्यायला जागा उरलेली नसते.

फीबद्दल आईवडिलांना शंका येते आणि ती रास्त आहे. पण फी मागितली म्हणजे फसवणूक असं नाही, खऱ्या सोसायट्याही फी घेतात. बघायचं ते वेगळं. तुमच्या विद्यापीठात तिचा चॅप्टर आहे का? सल्लागार प्राध्यापकाचं नाव विद्यापीठाच्याच साइटवर सापडतं का? पात्रता टक्क्यांत स्पष्ट लिहिली आहे का? असोसिएशन ऑफ कॉलेज ऑनर सोसायटीज ही १९२५ पासूनची संघटना आहे. तिच्या निकषांप्रमाणे सर्वसाधारण सोसायटीला वरच्या २० टक्क्यांच्या आणि एका विषयाच्या सोसायटीला वरच्या ३५ टक्क्यांच्या खाली जाता येत नाही. तिची यादी बघा, पण यादीत नाही म्हणून खोटी असंही धरू नका. फाय बीटा कॅपाच त्यात नाही. भारतातून कार्डाने फी भरायची असेल तर आधी बँकेच्या ॲपवर परदेशी ऑनलाइन व्यवहार सुरू करा. रिझर्व्ह बँकेच्या २०२०च्या नियमामुळे नव्या कार्डांवर ते बंदच असतात आणि शेवटच्या रात्री कार्ड नाकारलं जातं. पैशांची खरंच अडचण असेल तर सल्लागाराला सरळ सांगा. काही चॅप्टर मदत करतात.

उपयोग काय, हेही स्पष्ट असावं. फेडरल सरकारच्या नोकरीत अशा सोसायटीच्या सभासदत्वावर जीएस-७ या वरच्या श्रेणीत प्रवेश मिळू शकतो, पण त्या नोकऱ्यांना साधारणपणे अमेरिकन नागरिकत्व लागतं आणि फक्त बॅचलर्सच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या सोसायट्या त्यात धरत नाहीत. ग्रीनकार्डाच्या ईबी-१ या असामान्य गुणवत्तेच्या वर्गासाठी हे सभासदत्व उपयोगी पडेल अशी आशा मात्र सोडा. तिथे तज्ज्ञांनी असामान्य कामगिरी पारखून दिलेलं सभासदत्व लागतं, वर्गातल्या नंबरावर मिळालेलं नव्हे. फेलोशिपसाठी मात्र जरूर प्रयत्न करा. फाय कॅपा फायची फेलोशिप पदव्युत्तर शिक्षणाच्या पहिल्या वर्षासाठी असते. फक्त चॅप्टरची मुदत मुख्य कार्यालयाच्या मुदतीच्या आधी संपते, आणि साइटवर मोठ्या अक्षरात दिसते ती नंतरची.

निमंत्रण हुकलं असेल तर अजून शिकत असताना पुढच्या फेरीत पुन्हा नाव येऊ शकतं. टाऊ बीटा पायमध्ये तर शिकताना पात्र असूनही राहून गेलेल्यांचा पदवीनंतरही विचार होतो. त्यासाठी मुख्य कार्यालयाला नको, ज्या विद्यापीठात शिकलात तिथल्या चॅप्टरला लिहा. त्या वर्षीचा तुमचा नंबर फक्त तिथल्याच रजिस्ट्रारकडे मिळेल. पत्रात पदवीचं वर्ष, विद्यार्थी क्रमांक आणि तेव्हाचं नाव लिहायला विसरू नका.