बॉल पायथन : पाळीव सापाच्या खाण्याच्या अडचणी

बॉल पायथन हा पश्चिम व मध्य आफ्रिकेतला बिनविषारी, आखूड आणि जाडजूड अजगर. शास्त्रीय नाव पायथन रेजियस. सेनेगलपासून युगांडापर्यंतच्या गवताळ माळांवर आणि विरळ जंगलात तो राहतो. पूर्ण वाढलेला साप साधारण एक ते दीड मीटर भरतो. घाबरला की डोके आत घेऊन अंगाचा चेंडू करतो. या शांत स्वभावामुळे तो जगभर पाळला जातो आणि आता ठाणे, नवी मुंबईच्या फ्लॅटमध्येही पोचला आहे. पाळणाऱ्यांची त्याच्याबद्दलची सर्वांत मोठी तक्रार एकच : तो खात नाही. या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा सापाच्या पोटात नसते, त्याच्या पेटीत असते.

रानात हा साप दिवस उंदरांच्या बिळात नाहीतर वारुळात काढतो आणि अंधार पडल्यावर बाहेर येतो. भक्ष्याच्या मागे धावणे त्याला ठाऊक नाही. तो दबा धरून बसतो आणि ओठांवरच्या उष्णता टिपणाऱ्या खळग्यांनी गरम रक्ताचे सावज हेरतो. खाणे थांबवणे हाही त्याच्या निसर्गाचा भाग आहे. विणीच्या हंगामात नर आणि माद्या दोघेही अन्न सोडतात. अंड्यांभोवती वेटोळे घालून बसलेली मादी सुमारे दोन महिने सहसा काही खात नाही. म्हणून भरल्या अंगाच्या मोठ्या सापाने हिवाळ्यात दोन-तीन महिने उंदराला तोंड लावले नाही, तर तो आजारी आहे असे समजू नये. पिल्लांना मात्र ही मुभा नाही. त्यांच्या अंगात साठा नसतो. त्यांनी लागोपाठ काही आठवडे खाल्ले नाही तर लक्ष घालावेच लागते.

सर्वांत आधी पाहायचे ते तापमान. पेटीची एक बाजू ३१ ते ३३ अंश सेल्सिअस आणि दुसरी २५ ते २७ अंश असावी, म्हणजे साप आपल्या गरजेप्रमाणे जागा बदलतो. उब मिळाली नाही तर गिळलेले पचत नाही, आणि पचणार नाही तेव्हा साप खात नाही. ठाण्याची हवा दमट आणि उबदार, मग वेगळी उब कशाला, असा समज इथे सर्रास आढळतो आणि तो घातक आहे. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री येऊरच्या पायथ्याशी किंवा खारघरच्या डोंगराकडच्या इमारतींत खोली चांगलीच गार पडते. एप्रिल-मेमध्ये रात्रभर एसी चालतो, त्या खोलीतली पेटीही तशीच गार पडते आणि वर हवा कोरडी होते. पेटीखाली विजेवर तापणारी हीट मॅट लावावी, पण ठरलेल्या तापमानाला ती आपोआप बंद-चालू करणाऱ्या थर्मोस्टॅटशिवाय कधीच नाही. नुसत्या मॅटने पोटाखालची त्वचा भाजते. थर्मोस्टॅटची तापमान मोजणारी तार साप जिथे बसतो तिथेच टेकलेली हवी. पेटीच्या वरच्या काचेला चिकटवलेला थर्मामीटर खालच्या जमिनीबद्दल काहीच सांगत नाही.

आर्द्रता साधारण ६० ते ७० टक्के पुरते, कात टाकताना थोडी जास्त. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात अडचण उलटी होते. जून ते सप्टेंबर पेटीतले अंथरूण वाळतच नाही, बुरशी धरते आणि पोटावरचे खवले लालसर होऊन सडू लागतात. या दिवसांत पाण्याचे भांडे लहान ठेवावे, अंथरूण वरचेवर बदलावे आणि पेटीला हवेच्या जाळ्या असाव्यात.

त्यानंतर आडोसा. हॉलमध्ये टीव्हीशेजारी ठेवलेली चारी बाजूंनी उघडी काचेची टाकी पाहुण्यांना आवडते. बिळात राहणाऱ्या सापाला तिथे सतत धोका जाणवतो आणि तो खायला पुढे येत नाही. उबदार आणि गार अशा दोन्ही टोकांना एकेक लपण्याची जागा हवी आणि ती अंग दोन्ही बाजूंनी टेकेल इतकी अरुंद हवी. टाकीच्या तीन बाजू पुठ्ठ्याने झाकल्या आणि आठवडाभर सापाला हात लावला नाही, एवढ्यानेच पुष्कळ साप पुन्हा खाऊ लागतात. नवा आणलेला साप तर स्थिरावेपर्यंत हाताळूच नये. डोळे दुधी-निळसर झाले की कात टाकायची वेळ आली. कात पूर्ण निघेपर्यंत खाणे पुढे टाकावे.

भक्ष्याची जाडी सापाच्या अंगाच्या सर्वांत जाड भागाइतकी असावी. वाढत्या पिल्लाला आठवड्याला एक, मोठ्याला दोन ते चार आठवड्यांनी एक पुरते. याहून जास्त खाऊन सुटलेला सापही मग अन्न नाकारतो. माऊसवर (लहान उंदरावर) वाढलेला साप रॅट (मोठ्या जातीचा उंदीर) ओळखतच नाही, असेही घडते. तेव्हा रॅटला माऊसच्या अंथरुणात घोळवून वास बदलतात.

गोठवलेला उंदीर रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात विरघळू द्यावा, मग प्लास्टिकच्या पिशवीत घालून गरम पाण्यात ठेवावा. मायक्रोवेव्ह वापरू नये. अंग कोरडे पुसून, डोके थोडे जास्त गरम करून, लांब चिमट्याने आडोशाच्या तोंडाशी धरावा. खाण्याच्या तयारीतला साप मान इंग्रजी एससारखी आखडतो, जीभ सावकाश आत-बाहेर करतो आणि एका झटक्यात पकडतो. मान फिरवून वेटोळ्यात डोके लपवले तर त्या दिवशी थांबावे. उंदरासाठी घरच्या अन्नापासून वेगळा फ्रीजर किंवा निदान घट्ट बंद डबा असावा. उंदरांतून साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू पसरतो, तेव्हा घरच्यांची हरकत रास्तच आहे. जिवंत उंदीर पेटीत सोडून झोपायला जाणे ही सापाशी क्रूरता आहे : न खाल्लेला उंदीर सापालाच कुरतडतो आणि जखमा पाठीच्या हाडापर्यंत जाऊ शकतात. सोसायटीच्या पिंजऱ्यात किंवा गटाराजवळ सापडलेला उंदीरही देऊ नये. त्याच्या पोटात उंदीरनाशक असू शकते, आणि हाताळणाऱ्याला लेप्टोस्पायरोसिसचा धोका वेगळाच.

जेवणानंतर दोन दिवसांच्या आत साप हाताळला किंवा पेटी गार पडली तर तो गिळलेले ओकतो. असे झाल्यावर लगेच पुन्हा भरवू नये. दहा ते चौदा दिवस नुसते पाणी द्यावे आणि मग नेहमीच्या निम्म्या आकाराचा उंदीर.

कागदपत्रांचाही या विषयाशी थेट संबंध आहे. बॉल पायथन साइट्सच्या (वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात असल्याने वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२च्या दुरुस्तीनंतर तो चौथ्या अनुसूचीत येतो आणि त्याची केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. चोरट्या मार्गाने आलेले साप प्रवासात सुकलेले, गोचिडीसारख्या किडींनी भरलेले असतात आणि तेच आल्यापासून खात नाहीत. येऊरच्या जंगलात आढळणारा आपला भारतीय अजगर ही निराळी जाती. तो पहिल्या अनुसूचीत आहे, त्याला पाळणे गुन्हा आहे. इमारतीत शिरला तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

उपास किती दिवसांचा, यापेक्षा वजन किती उतरले हे महत्त्वाचे. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा सापासाठी वेगळा घ्यावा आणि दर पंधरवड्याला ग्रॅममध्ये नोंद करावी. मूळ वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक घट, पाठीचा कणा वर आलेला दिसणे, तोंड उघडे ठेवून श्वास, नाकातोंडातून बुडबुडे, हिरड्यांवर पू किंवा पिवळट थर, खवल्यांमध्ये फिरणारे काळे ठिपके, यांपैकी काहीही दिसले तर थांबू नये. कुत्र्यामांजरांचे दवाखाने गल्लोगल्ली असले तरी सरपटणाऱ्या प्राण्यांची जाण असलेला डॉक्टर आधीच शोधून ठेवावा. तोंड उघडून उंदीर घशात ढकलण्याचा उपाय घरी कोणीही करू नये. त्याने जबडा आणि अन्ननलिका दुखावते, आणि धास्तावलेला साप नंतर आपणहून खायचेही सोडतो. नळीने भरवणे खरोखर लागले तर ते डॉक्टरचे काम. त्यांच्याकडे जाताना वजनाची वही, शेवटच्या जेवणाची तारीख आणि पेटीच्या दोन्ही टोकांचे तापमान लिहून न्यावे. निदान पुष्कळदा त्यातूनच होते.