एक तसबीर, चार साक्षी: ‘संशयकल्लोळ’ नाटकातल्या एका प्रवेशाची पार्श्वभूमी

नाटकातला एखादा प्रवेश घ्यायचा, संवाद बाजूला ठेवायचे आणि तोच प्रसंग त्यातल्या प्रत्येकाच्या तोंडून गोष्टीसारखा सांगायचा, हा प्रकार अनेकांना नव्या जमान्याचा वाटतो. सांगलीच्या माणसाला तो तसा वाटायचे कारण नाही. या गावाच्या रंगभूमीचा इतिहासच मुळी ‘गोष्ट कोणाच्या तोंडून सांगायची’ या प्रश्नाभोवती फिरलेला आहे.

१८४२ साली उत्तर कानड्यातली भागवत मंडळी सांगलीत खेळ करून गेली. ते पाहून संस्थानाधिपती चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनी विष्णु अमृत भावे यांना मराठीत तसे काही, पण अधिक नेटके, करायला सांगितले. १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ झाले. त्याची आठवण म्हणून ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन पाळला जातो. भाव्यांच्या या आख्यानांत पदे म्हणायचा तो सूत्रधार. रामाचा आवेश, सीतेची लाज, राक्षसांचा थयथयाट, सगळे त्याच्या एका गळ्यातून यायचे आणि पात्रे त्याबरहुकूम हावभाव करायची. गद्य मात्र ज्याचे त्याने आयत्या वेळी बोलायचे. या दुसऱ्या गोष्टीकडे आपले फारसे लक्ष जात नाही. सूत्रधार कथा सांगतो आहे आणि मधल्या फटीत पात्र आपल्या अकलेने आपली बाजू मांडते आहे: अनेकांच्या तोंडून सांगण्याचे बीज मला तिथे दिसते.

१८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले आणि पदे पात्रांच्या गळ्यात गेली. सूत्रधार नांदी-प्रस्तावनेपुरता उरला. ज्याचे दुःख त्यानेच गायचे, हे मराठी प्रेक्षकाने तेव्हापासून गृहीत धरले.

किर्लोस्करांचे शिष्य गोविंद बल्लाळ देवल हे कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या हरिपूरचे, जन्म १८५५ चा. त्यांच्या सात नाटकांपैकी स्वतंत्र एकच, ‘शारदा’. बाकीची संस्कृत किंवा युरोपीय नाटकांवरून बेतलेली. पण बेतणे म्हणजे उतरवून काढणे नव्हे, याचा पुरावा म्हणजे ‘संशयकल्लोळ’. मोलियरने १६६० मध्ये पॅरिसमध्ये एक छोटे प्रहसन केले. त्यावरून आर्थर मर्फी याने १७६१ मध्ये लंडनमध्ये मोठे नाटक रचले. देवलांनी त्याचे आधी ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ हे गद्य नाटक केले आणि पुढे त्यात पदे घालून ‘संशयकल्लोळ’. १९१६ च्या जूनमध्ये देवल गेले. हे संगीत नाटक गंधर्व नाटक मंडळीने त्याच वर्षी रंगभूमीवर आणले. गणपतराव बोडसांचा फाल्गुनराव आणि बालगंधर्वांची रेवती यांचा लौकिक अजून सांगितला जातो. पात्रांना नावे नक्षत्रांची आणि महिन्यांची. त्यामुळे पॅरिसचा मागमूससुद्धा राहिला नाही.

अनेकांच्या तोंडून सांगायला मराठीत याच्याइतका चोख प्रवेश मला दुसरा माहीत नाही. रेवतीला रस्त्यात चक्कर येते. तिच्याजवळ तिच्या प्रियकराने, अश्विनशेठने, दिलेली त्याची तसबीर असते, ती खाली पडते. फाल्गुनराव तिला सावरतो. त्याची बायको कृत्तिका नेमके तेवढेच पाहते: नवरा आणि त्याच्या आधाराने उभी एक तरुण स्त्री. मग ती तसबीर कृत्तिकेला सापडते. ती न्याहाळत असताना फाल्गुनराव परत येतो आणि त्याला दिसते ते असे, की आपली बायको एका देखण्या तरुणाच्या चित्रात रंगून गेली आहे. तसबीर तो हिसकावून घेतो. पुढे ती त्याच्या हातात अश्विनशेठला दिसते. आपण प्रेमाने दिलेली वस्तू या परक्या गृहस्थाकडे कशी, हा प्रश्न त्याला पोखरू लागतो.

यात खोटे कोणीच बोलत नाही. जे डोळ्यांनी पाहिले तेच प्रत्येकजण सांगतो. घोटाळा होतो तो पाहणे कधी सुरू झाले आणि कधी थांबले, यामुळे. कृत्तिका चक्कर येण्याआधीचा क्षण पाहत नाही, फाल्गुनराव तसबीर सापडण्याआधीचा. पूर्ण प्रसंग एकाच माणसाला ठाऊक असतो, तो म्हणजे प्रेक्षक. म्हणून या प्रवेशाची कथा करणाऱ्याला पहिल्यांदा प्रेक्षकाची खुर्ची सोडावी लागते. कृत्तिकेच्या तोंडी ‘तिला चक्कर आली होती’ हे एक वाक्य चुकून गेले, तर तिच्या संशयातला जीवच जातो. तिने म्हणावे ते असे काहीतरी: ‘पडणाऱ्याला सावरायला दोन हात लागतात, कबूल. पण ती पडत होती हे मला तुम्ही सांगताय. मी पाहिलं तेव्हा ती चांगली उभी होती.’

देवलांनी यासाठी वापरलेले हत्यार जुनेच, स्वगताचे. पात्र मनातले बोलते, शेजारी उभ्या माणसाला ऐकू जात नाही, तिसऱ्या रांगेतल्या प्रेक्षकाला जाते. प्रथमपुरुषी निवेदन हे या स्वगताचेच लांबवलेले रूप. नाटकात स्वगत चार वाक्यांत आटोपावे लागते, कारण समोरचा नट ताटकळलेला असतो. कागदावर त्याला हवे तितके पसरता येते. त्याच देवलांच्या ‘मृच्छकटिका’त न्यायसभेचा प्रवेश आहे. तिथे साक्षीमागून साक्ष येते, एकेक साक्ष स्वतःपुरती खरी दिसते आणि निरपराध चारुदत्ताभोवती फास आवळत जातो. १९६७ मध्ये आलेल्या ‘मृत्युंजय’ कादंबरीत शिवाजी सावंतांनी कर्णाची कथा कर्ण, कुंती, वृषाली, दुर्योधन, शोण आणि श्रीकृष्ण अशा सहा जणांच्या तोंडी दिली. मराठी वाचकाने ती रचना सहज स्वीकारली, यामागे नाटकातल्या स्वगतांनी तयार केलेला कान होता असे मला वाटते.

एका मुद्द्यावर मात्र मी अडून बसतो. रेवती, फाल्गुनराव, कृत्तिका आणि अश्विनशेठ या चार निवेदकांना पाने समान वाटून द्यायची, म्हणजे न्याय झाला, असे बरेच जण मानतात. या प्रवेशात ते चालत नाही. मोलियरची नायिका खाऊनपिऊन सुखी घरातली मुलगी. देवलांची रेवती नायकिणीची, म्हणजे कलावंतिणीची, मुलगी. हा बदल साधा नाही. फाल्गुनरावाचा संशय खोटा ठरला तर त्याला लोक हसतील आणि तो घरी जाईल. कृत्तिकेला नवरा आहे, घर आहे, भांडायचा हक्क आहे. रेवतीवर संशय आला की तो तिच्या घराण्याच्या नावाने पक्काच धरला जातो आणि निष्ठेचा पुरावा तिलाच द्यावा लागतो. तसबीर हरवणे इतरांसाठी घोटाळा, तिच्यासाठी लग्नाची आशाच हातची जाणे. तिचे निवेदन लांब हवे, इतरांपेक्षा जड हवे आणि ते हसवण्यासाठी लिहिलेले नसावे.

शिवाय ही रेवती रंगभूमीवर आली ती पुरुषाच्या अंगाने. भाव्यांच्या खेळांतही स्त्रीपार्ट मुलगे करत. बालगंधर्वांच्या थोरवीला त्याने बाध येत नाही; पण रस्त्यात घेरी येऊन कोसळताना अनोळखी पुरुषाचा हात अंगाला लागला तेव्हा तिला काय वाटले, हे नाटकात कोणी विचारत नाही. सगळे विचारतात ते तसबिरीचे. तिच्या तोंडून प्रसंग सांगायचा असेल, तर सुरुवात त्या हातापासून करावी. तसबीर तिला बऱ्याच वेळाने आठवेल.

भादव्याला, म्हणजे फाल्गुनरावाच्या गड्याला, पाचवा निवेदक करण्याचा मोह होतो. करावाही. फक्त त्याला सर्वज्ञ करू नये. घरातल्या गड्याला सगळे ठाऊक असते, ही मालकांची समजूत. त्याच्या वाट्याला येतात ते हुकूम: याच्यावर नजर ठेव, तिकडे जाऊन ये, हे कोणाला सांगू नकोस. त्या हुकमांवरून त्याने घरात काय चालले आहे याचा अंदाज बांधावा, आणि तोही थोडा चुकावा.