मेस्मर, जर्दाळूचं झाड आणि डोळ्यांवरची पट्टी

गाण्याच्या रिअ‍ॅलिटी शोमध्ये परीक्षकांची एक ठरलेली दाद असते : ‘तू मेस्मराइज केलंस!’ म्हणजे भारून टाकलंस, भान हरपायला लावलंस. हे इंग्रजी क्रियापद एका डॉक्टरच्या आडनावावरून आलं आहे आणि त्या डॉक्टरचा सिद्धांत साफ चुकीचा होता. तो चुकीचा कसा ठरला, ही हकीकत मला शब्दापेक्षाही जास्त आवडते.

फ्रान्झ अँटोन मेस्मर (१७३४–१८१५) व्हिएन्नाचा डॉक्टर. विश्वात एक अदृश्य द्रव भरून राहिला आहे, शरीरातला त्याचा प्रवाह अडला की माणूस आजारी पडतो, असं त्याचं म्हणणं. आधी तो रोग्यांवर लोहचुंबक वापरायचा. पुढे म्हणू लागला की चुंबकही नको, माझे हात पुरेत. १७७८ मध्ये तो पॅरिसला आला आणि शहर त्याच्यामागे लागलं. ओक लाकडाचं मोठं पिंप, त्यात पाण्याच्या बाटल्या आणि लोखंडाचा कीस, झाकणातून बाहेर आलेल्या वाकड्या सळया. भोवती बसलेले रोगी त्या सळया दुखऱ्या जागेला लावत. मेस्मर हात फिरवायचा, कुणी थरथरायचं, कुणाची शुद्ध हरपायची. वातावरणनिर्मितीला ग्लास हार्मोनिका हे काचेच्या वाट्यांचं वाद्य वाजत असे. ते अमेरिकी मुत्सद्दी आणि शास्त्रज्ञ बेंजामिन फ्रँकलिन यांनी बनवलेलं, आणि मेस्मरचा निकाल लावणाऱ्यांत तेच असणार होते.

१७८४ मध्ये सोळाव्या लुईने चौकशी आयोग नेमला. त्यात फ्रँकलिन, रसायनशास्त्रज्ञ लाव्हॉझिए, खगोलशास्त्रज्ञ बायी आणि ज्यांचं नाव पुढे शिरच्छेदाच्या यंत्राला चिकटलं ते डॉक्टर गियोतँ होते. रोगी बरे होतात का, हा प्रश्न आयोगाने बाजूला ठेवला, कारण रोगी आपोआपही बरे होतात. त्याने एवढंच विचारलं : तो द्रव आहे का?

आता खरी मजा. मेस्मरने सहकार्य नाकारलं, पण त्याचा शिष्य देस्लाँ तयार झाला. पॅरिसजवळच्या पासी इथल्या फ्रँकलिन यांच्या बागेत त्याने जर्दाळूच्या एका झाडात ‘चुंबकत्व भरलं’ आणि स्वतःच निवडलेला, सहज प्रभावाखाली येणारा बारा वर्षांचा मुलगा आणला. मुलाच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्याला एकामागून एक चार झाडांना मिठी मारायला लावली. या चारांत ते झाड नव्हतंच! पहिल्याच झाडापाशी त्याला घाम फुटला, खोकला आला, डोकं दुखू लागलं. चौथ्यापाशी तो बेशुद्ध पडला. देस्लाँचा खुलासा असा की सगळ्याच झाडांत मुळात थोडं चुंबकत्व असतं. मग अशा नाजूक प्रकृतीच्या माणसाने बागेत पाऊलच टाकायला नको, असं आयोगाचं त्यावर उत्तर.

लाव्हॉझिए यांच्या घरी एका बाईला ‘भारलेलं’ पाणी मिळणार अशी समजूत देऊन साध्या पाण्याचे पेले एकेक करून दिले. चौथ्याला तिला झटका आला. सावरल्यावर तिने पाणी मागितलं, तेव्हा तिला न सांगता ‘भारलेला’ पेला दिला. तो ती शांतपणे प्यायली. म्हणजे दोन गोष्टी वेगळ्या केल्या : एकदा समजूत दिली पण द्रव नाही, एकदा द्रव दिला पण समजूत नाही. परिणाम समजुतीबरोबर गेला. आज नवं औषध तपासताना कुणाला औषध आणि कुणाला साधी गोळी मिळाली हे रोग्यापासून लपवतात, त्याचं मूळ तत्त्व हेच.

चुंबकाची कडी आणि ‘मॅग्नेटिक’ पाण्याचा जग विकणाऱ्यांना ही पट्टी बांधायला सांगून पाहा. ‘रक्तात लोह असतं ना!’ हे त्यांचं पेटंट उत्तर. पण हिमोग्लोबिनमधलं लोह खिळ्यातल्या लोखंडासारखं वागत नाही. ऑक्सिजन घेतलेलं रक्त तर चुंबकापासून किंचित दूरच ढकललं जातं. नाहीतर एमआरआय यंत्राच्या प्रचंड चुंबकाच्या बोगद्यातून कुणी धड बाहेर आलं नसतं.

आयोगाचा निष्कर्ष होता : हा सगळा कल्पनाशक्तीचा खेळ. पण नुसत्या कल्पनेने माणूस बेशुद्ध कसा पडतो? इथे गोव्यातल्या कांदोळीला १७५६ मध्ये जन्मलेले धर्मगुरू आबे फारिया येतात. १८१३ पासून पॅरिसमध्ये लोकांना असंच भारून टाकण्याचे जाहीर प्रयोग करताना त्यांनी ठामपणे मांडलं की प्रयोग करणाऱ्याकडून काहीही वाहत येत नाही, जे घडतं ते समोरच्याच्या मनात. पणजीत त्यांचा पुतळा आहे, एका स्त्रीवर हात पसरून उभा. पाहणाऱ्याला वाटावं की हातांतूनच काहीतरी निघतंय, म्हणजे नेमकं त्यांनी नाकारलं ते! पुढे १८४३ मध्ये जेम्स ब्रेड या स्कॉटिश डॉक्टरने या प्रकाराला ‘हिप्नॉटिझम’ (संमोहन) हा शब्द रुळवला, ग्रीक निद्रादेवाच्या नावावरून. नंतर त्यालाच कळलं की ही झोप नव्हे, एकाच कल्पनेवर खिळलेलं लक्ष आहे. पण त्याने सुचवलेलं नवं नाव कुणी उचललं नाही.

१९९७ मध्ये माँट्रियलच्या संशोधकांनी संमोहित लोकांना चटका बसेल इतक्या गरम पाण्यात हात घालायला लावले आणि मेंदूची चित्रं घेतली. ‘त्रास कमी होतोय’ किंवा ‘वाढतोय’ अशा सूचनेनुसार अँटिरिअर सिंग्युलेट कॉर्टेक्स या, वेदनेचा त्रास किती वाटतो याच्याशी संबंधित भागातली हालचाल बदलली. वेदना कुठे आणि किती हे टिपणारा संवेदी भाग मात्र जवळपास तसाच राहिला. पाणी तेवढंच गरम होतं.