शॉर्ट इंटरेस्ट: न फिटलेल्या उसनवारीचा आकडा

एखाद्या शेअरचा शॉर्ट इंटरेस्ट ३० टक्क्यांवर गेला असं कळलं की लगेच दोन गट पडतात. एक म्हणतो जाणकार लोक विरोधात गेलेत, बाहेर पडा. दुसरा म्हणतो आता स्क्वीझ येणार, म्हणजे उसने घेऊन विकणाऱ्यांची परत घ्यायला झुंबड उडून भाव उसळणार, घेऊन ठेवा. आकडा एकच आणि अर्थ पार उलटे, कारण दोघंही तो आकडा म्हणजे भाव कुठे जाणार याचं भाकीत आहे असं धरून चालतात. प्रत्यक्षात तो एवढंच मोजतो की उसने घेऊन विकलेले किती शेअर अजून परत करायचे बाकी आहेत. भाकीत त्यातून निघतं की नाही हे पुढे बघू.

आधी व्यवहार कसा होतो ते पटकन. तुम्हाला वाटतं शेअर महाग आहे, पण तुमच्याकडे तो नाहीये. मग ब्रोकर दुसऱ्या कुणाचा तरी शेअर, बहुतेक वेळा एखाद्या मोठ्या फंडाचा, तुम्हाला उसना मिळवून देतो, तुम्ही तो बाजारात विकता, समजा १०० ला. हेच शॉर्ट करणं. नंतर भाव ७० झाला की विकत घेऊन परत करता, यालाच कव्हर करणं म्हणतात, आणि ३० तुमचे. त्यातून उसनवारीची फी जाते, आणि मधल्या काळात कंपनीने डिव्हिडंड दिला तर तेवढी रक्कम तुम्हाला मूळ मालकाला द्यावी लागते. शिवाय विक्रीचे पैसे हातात येतात असंही नाही, ते ब्रोकरकडे तारण म्हणून अडकून पडतात आणि वर मार्जिन, म्हणजे जास्तीची अनामत, भरावं लागतं. मूळ मालकाने शेअर परत मागितला आणि ब्रोकरला दुसरीकडून उसना मिळाला नाही, तर तुमची इच्छा असो नसो, कव्हर करावंच लागतं.

शॉर्टमध्ये तोटा अमर्याद असतो हे सगळेच सांगतात आणि ते खरंही आहे, भाव शून्याच्या खाली जात नाही पण वर कितीही जाऊ शकतो. पण मला वाटतं खरी भानगड त्याच्या जरा अलीकडे आहे आणि तिच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. शेअर विकत घेऊन ठेवला आणि अंदाज चुकला, भाव १०० वरून ५० वर आला, तर तुमच्या पोर्टफोलिओतला त्याचा वाटा आपोआप कमी होतो, म्हणजे चूक स्वतःच लहान होत जाते. शॉर्टमध्ये बरोबर उलटं. १०० ला शॉर्ट केला आणि भाव २०० झाला, तर जी पोझिशन चुकलीये तीच दुप्पट मोठी झालेली असते, आणि ब्रोकर जास्तीचं मार्जिन मागतोय ते नेमकं याच वेळी. अंदाज बरोबर आला तर? भाव ५० झाला की पोझिशन निम्मी, त्यामुळे फायद्यातली बाजूच बारीक होते. म्हणून शॉर्टवाला मुळात बरोबर असला तरी वाट बघायची ताकद त्याच्याकडे कमी असते, आणि पुढे जे स्क्वीझचं प्रकरण येतं त्याचं मूळ इथे आहे. न फिटलेला प्रत्येक शॉर्ट म्हणजे उद्याची एक खरेदी, आणि ती कधी करायची हे बऱ्याचदा त्या माणसाच्या हातात नसतं.

आता टक्केवारी. ३० टक्के म्हणजे कशाचे? कुणी एकूण शेअरवर काढतो, कुणी फ्लोटवर, म्हणजे प्रवर्तक वगैरे जे विकणार नाहीत त्यांचे शेअर वजा करून उरतात त्यावर. ज्या कंपनीचे निम्मे शेअर अडकलेले आहेत तिथे हा आकडा एका हिशेबाने १५ आणि दुसऱ्या हिशेबाने ३० येतो, दोन्ही खरे.

आणि तो १०० च्या वर जाऊ शकतो. हे ऐकलं की लोक लगेच म्हणतात म्हणजे खोटे शेअर विकलेत. तसं असेलच असं नाही. एकाने आपला शेअर दुसऱ्याला उसना दिला, दुसऱ्याने तो तिसऱ्याला विकला, तिसऱ्याला काय माहीत हा उसना होता, त्याच्या लेखी तो विकत घेतलेला स्वच्छ शेअर आहे, त्याच्या ब्रोकरने तो चौथ्याला उसना दिला आणि चौथ्याने पाचव्याला विकला. शेअर एकच, मालक समजणारे तिघं, देणेकरी दोघं. तीनातून दोन वजा केले की एक उरतो, हिशेब जुळतो. न मिळवताच विकणं, ज्याला नेकेड शॉर्टिंग म्हणतात, तेही होतं आणि बऱ्याच देशांत त्यावर बंदी किंवा कडक नियम आहेत, पण १०० च्या वरचा आकडा हा त्याचा पुरावा होत नाही.

या आकड्यासोबत अजून एक बघतात, डेज टू कव्हर. न फिटलेले शेअर भागिले रोजचा सरासरी व्हॉल्यूम, म्हणजे दिवसाला किती शेअर्सचे सौदे होतात तो आकडा. २ कोटी शेअर शॉर्ट आहेत आणि रोज सरासरी ४० लाखांचे सौदे होतात तर ५ दिवस. उपयोगी आहे, फक्त गोंधळाच्या वेळी फसवतो, कारण स्क्वीझ सुरू झाला की व्हॉल्यूम फुगतो आणि एकानेही कव्हर केलं नसलं तरी हा आकडा धाडकन खाली येतो.

स्क्वीझचं सगळ्यात नितळ उदाहरण मला फोक्सवॅगनचं वाटतं. २६ ऑक्टोबर २००८, रविवार. पोर्शने जाहीर केलं की फोक्सवॅगनचे ४२.६ टक्के शेअर आपल्याकडे आहेत आणि अजून ३१.५ टक्क्यांवर ऑप्शन्स, म्हणजे ठरलेल्या भावाशी बांधलेले करार, आहेत. बेरीज ७४.१. जर्मनीतल्या लोअर सॅक्सनी राज्याकडे २० टक्क्यांहून थोडे जास्त, ते विकणार नव्हते. म्हणजे बाजारात उरले जेमतेम ६ टक्के, आणि शॉर्ट होते सुमारे १२ टक्के. नुसता १२ टक्के हा आकडा घेतला तर अगदी साधा, घाबरण्यासारखं काही नाही, पण परत करायचे शेअर बाजारात मिळू शकणाऱ्या शेअर्सच्या दुप्पट झाले होते. शुक्रवारी २०० युरोच्या आसपास असलेला भाव मंगळवारी हजारावर जाऊन आला आणि फोक्सवॅगन थोड्या वेळासाठी जगातली सगळ्यात मोठ्या बाजारमूल्याची कंपनी होती, तेही जागतिक मंदीच्या ऐन मध्यात.

गेमस्टॉप या व्हिडिओ गेम विकणाऱ्या अमेरिकी कंपनीची गोष्ट जास्त गाजली पण ती एवढी सरळ नाही. तिथे शॉर्ट इंटरेस्ट खरंच १०० टक्क्यांवर, फ्लोटच्या हिशेबाने १२२.९७ पर्यंत गेला होता. भाव २०२० च्या शेवटी १९ डॉलरच्या खाली होता आणि २८ जानेवारी २०२१ ला दिवसभरात ४८३ पर्यंत गेला. गेमस्टॉप शॉर्ट केलेल्या मेल्विन कॅपिटल या फंडाने त्या एका महिन्यात ५३ टक्के गमावले. सगळ्यांनी धरलं की हा स्क्वीझच. पण अमेरिकेच्या बाजार नियामकाच्या, म्हणजे सेक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनच्या, स्टाफने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अहवाल काढला, त्यात निघालं की शॉर्टवाल्यांची कव्हरची खरेदी झाली हे खरं, पण एकूण खरेदीत तिचा वाटा लहान होता, आणि कव्हरिंगचा जोर ओसरल्यावरही भाव वर टिकून होता. म्हणजे बहुतेक खरेदी ज्यांना घ्यायचाच होता त्यांनीच केली. एवढा प्रचंड शॉर्ट इंटरेस्ट असूनही भाव नेणारं मुख्य इंजिन तो नव्हता, आणि हे अजूनही अनेकांच्या पचनी पडत नाही.

मग भाकितासाठी याचा काही उपयोग आहे का? आहे, थोडा. बोहमर, जोन्स आणि झांग या तिघा संशोधकांनी न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजचा २००० ते २००४ चा डेटा तपासला, २००८ साली तो पेपर आला. जास्त शॉर्ट झालेले शेअर पुढच्या २० ट्रेडिंग दिवसांत कमी शॉर्ट झालेल्यांपेक्षा सरासरी १.१६ टक्क्यांनी मागे पडले. शॉर्टवाल्यांना काहीतरी कळत असतं हे त्यातून दिसतं, पण ही ढीगभर शेअर्सची सरासरी आहे, तुमच्या समोरच्या एका शेअरबद्दल ती फार काही सांगत नाही. दुसरं म्हणजे बरेच शॉर्ट कंपनीच्या विरोधात नसतातच. कन्व्हर्टिबल बाँड (पुढे शेअरमध्ये बदलता येणारा रोखा) घेतला आणि जोखीम कमी करायला शेअर शॉर्ट केला, दोन कंपन्यांचं विलीनीकरण होतंय म्हणून एक घेतला दुसरा शॉर्ट केला, ऑप्शन्स विकणाऱ्या मार्केट मेकरने, म्हणजे घ्यायला-विकायला सतत भाव देणाऱ्याने, स्वतःची जोखीम झाकायला केला, हे सगळं त्याच बेरजेत जातं. मला विचाराल तर उसनवारीची फी जास्त बोलकी असते. सहज मिळणाऱ्या मोठ्या शेअरला ती वर्षाला १ टक्क्याच्याही खाली असते, मिळेनासा झाला की ५० किंवा १०० टक्क्यांच्याही पुढे जाते, आणि एवढी फी भरून कुणी उगाच बसत नाही.

शॉर्टवाल्यांवरचा राग जुना आहे. १६०९ मध्ये इझाक ल मेर हा व्यापारी आणि त्याच्या साथीदारांनी डच ईस्ट इंडिया कंपनीचे नसलेले शेअर विकले आणि १६१० मध्ये तसं विकण्यावर बंदी आली. २००८ च्या संकटात अनेक देशांनी शॉर्टिंगवर अशीच बंदी घातली. बेबर आणि पागानो या संशोधकांनी नंतर ३० देशांचा डेटा बघितला तर बंदीने बहुतेक ठिकाणी भाव सावरला नाही, उलट घेणं-विकणं अवघड झालं. जर्मनीच्या नियामकाने फेब्रुवारी २०१९ मध्ये वायरकार्ड या पेमेंट कंपनीमध्ये नवे शॉर्ट करायला दोन महिने मनाई केली होती, आणि जून २०२० मध्ये त्याच कंपनीच्या ताळेबंदातले १.९ अब्ज युरो सापडेनात म्हणून ती दिवाळखोरीत गेली. अर्थात स्वतः शॉर्ट करून मग कंपनीबद्दल वाटेल ते पसरवणारेही असतात, सगळे काही साधू नाहीत.

शेवटी आकड्याच्या तारखेचं. अमेरिकेत शॉर्ट इंटरेस्ट महिन्यातून दोनदा मोजतात आणि काही दिवसांनी जाहीर करतात, त्यामुळे तुम्ही वाचता तो नेहमी शिळा असतो. युरोपीय संघात पद्धत वेगळी, एखाद्याची नेट शॉर्ट पोझिशन कंपनीच्या भांडवलाच्या ०.५ टक्क्यांवर गेली की त्याच्या नावासकट जाहीर होते. आणि रोज येणारा शॉर्ट व्हॉल्यूम नावाचा जो आकडा दिसतो तो म्हणजे शॉर्ट इंटरेस्ट नव्हेच, त्यात मार्केट मेकरने सकाळी शॉर्ट विकून दहा मिनिटांत परत घेतलेलेही शेअर असतात, त्यामुळे आज ५० टक्के शॉर्ट व्हॉल्यूम झाला असं कुणी घाबरवत असेल तर संध्याकाळी त्यातले किती शॉर्ट न फिटलेले उरले हे विचारा, त्या आकड्यात ते नसतं.