गच्चीवर सोलर आहे, म्हणजे ग्रिड गेली तरी वीज राहील?

घोडबंदर रोडच्या सोसायट्यांमध्ये सोलर बसवताना हे हमखास ऐकू येतं: ग्रिड, म्हणजे बाहेरून तारांनी येणारी वीज, कितीही दिवस बंद राहू दे, आपलं चालूच राहणार. हे चूक आहे. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज भर सकाळी गेली, तशा वेळी कडक ऊन असलं तरी साधं सोलर काही कामाचं नाही.

नेट मीटरिंगचा (जादा वीज ग्रिडला देऊन बिलातून वळती करण्याच्या सोयीचा) ऑन-ग्रिड इन्व्हर्टर ग्रिडचं व्होल्टेज बघूनच चालतो. ते गेलं की काही क्षणांत आपोआप बंद होतो. ही सोय मुद्दाम केलेली असते. नाहीतर गच्चीवरची वीज उलटी लाइनमध्ये जाईल आणि दुरुस्तीला आलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल. जुगाड करून ही सोय काढून देतो म्हणणाऱ्याला कृपा करून गेटबाहेरच थांबवा.

ग्रिड गेल्यावरही वीज हवी तर हायब्रिड, म्हणजे ग्रिडशिवाय बॅटरीवरही चालणारा, इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते. तिथेही हिशेब बघा. १२ व्होल्ट, १५० एएचची (अँपिअर-अवर) बॅटरी म्हणजे कागदावर १.८ युनिट. लेड-अ‍ॅसिड असेल तर टिकण्यासाठी निम्मीच वापरायची. तेवढी ७५ वॅटचे चार पंखे तीन तासांत संपवतात.

वीज दिवसेंदिवस नसेल तर टॉवरमध्ये आधी अडतं ते पाणी. ५ एचपीचा पंप चार-साडेचार किलोवॅटच्या आसपास घेतो, सुरू होताना कितीतरी पट जास्त. म्हणून बॅकअपवर पहिला हक्क पंपाचा. दुपारच्या उन्हात टाकी भरून घ्या. पंपाचा सुरुवातीचा करंट इन्व्हर्टरला झेपेल, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. पावसाळ्यात मात्र टाकी रोज भरेल असं धरू नका.