घाट उतरताना ब्रेक का तापतात?

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साधारण १३५० मीटर उंचीवर आहे, आणि आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरणारी गाडी जेमतेम ४० किलोमीटरच्या प्रवासात त्यातली सव्वा हजार मीटरहून अधिक उंची खाली सोडते. माणसे आणि सामान धरून त्या गाडीचे वजन १५०० किलो मानले, तर १२५० मीटर उतरताना सुमारे १ कोटी ८४ लाख ज्यूल इतकी स्थितिज ऊर्जा मोकळी होते. एवढ्या ऊर्जेत ६० लिटर पाणी खोलीच्या तापमानापासून उकळीपर्यंत नेता येते. ताशी १०० किलोमीटर वेगाने धावणारी हीच गाडी ब्रेक लावून पूर्ण थांबवली, तर त्यात ६ लाख ज्यूलच्या आसपास ऊर्जा खर्च होते; म्हणजे एक घाट उतरणे हे महामार्गावर भरवेगातून तीसएक वेळा कचकन थांबण्यासारखे आहे.

ही ऊर्जा कुठेतरी जावीच लागते. तिचा काही भाग टायरचे घर्षण आणि हवेचा विरोध घेतात, पण घाटातल्या मंद वेगाला हवेचा विरोध थोडाच असतो. उरलेली ऊर्जा चालक एक तर इंजिनाकडे देतो किंवा ब्रेककडे. चाकाबरोबर फिरणाऱ्या आणि ब्रेक ज्यांवर घासतात त्या चारही चाकांच्या डिस्क (चकत्या) आणि ड्रम (पोकळ डबे) मिळून ३० किलो लोखंड धरले आणि सगळी ऊर्जा त्यातच कोंडली गेली असे मानले, तर त्याचे तापमान १२०० अंश सेल्सिअसच्या वर जाईल. बिडाचे लोखंड त्याच सुमारास वितळते. प्रत्यक्षात तसे होत नाही, कारण वाऱ्याने डिस्क सतत निवत असतात आणि म्हणूनच पुष्कळ गाड्यांत त्या दोन पत्र्यांमध्ये पोकळी ठेवून बनवलेल्या असतात. तरीही निवण्याच्या गतीपेक्षा तापण्याची गती जास्त झाली, की तापमान चढत जाते, आणि ब्रेक निकामी होण्याची सगळी कारणे इथूनच सुरू होतात.

ही कारणे एकमेकांपासून वेगळी आहेत आणि पायाखालच्या पेडलवरून ती ओळखता येतात. डिस्कवर दाबले जाणारे ब्रेक पॅड हे तंतू, धातूची भुकटी आणि इतर द्रव्ये राळेने बांधून तयार केलेले असतात. काही शे अंशांपुढे ही राळ विघटित होऊ लागते, तिच्यातून वायू सुटतो आणि पॅड व डिस्क यांच्यातले घर्षण घटते. अशा वेळी पेडल नेहमीसारखे घट्ट लागते, पण कितीही जोर दिला तरी गाडी आवरत नाही. जळका, उग्र वास याच अवस्थेचा असतो. मागच्या चाकांना ड्रम असतील, तर तापलेला ड्रम प्रसरण पावून त्याला आतून घासणाऱ्या लायनरपासून दूर सरकतो आणि पेडल जास्त खोल दाबावे लागते.

याहून धोकादायक प्रकार ब्रेक ऑइलचा, म्हणजे पेडलचा जोर चाकांपर्यंत नेणाऱ्या द्रवाचा आहे. आपल्या गाड्यांत वापरले जाणारे डॉट ३ आणि डॉट ४ हे ग्लायकॉलवर आधारित द्रव हवेतली आर्द्रता शोषतात. नव्या डॉट ३ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश आणि डॉट ४ चा किमान २३० अंश असावा लागतो. पण त्यात ३.७ टक्के पाणी मिसळले, की हीच किमान मर्यादा अनुक्रमे १४० आणि १५५ अंशांवर येते. पॅड डिस्कवर दाबणाऱ्या, तापलेल्या पॅडमागच्या कॅलिपरमध्ये हे ऑइल उकळले, तर वाफेचे बुडबुडे तयार होतात. द्रव दाबला जात नाही म्हणूनच पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचतो; वाफ मात्र सहज दाबली जाते, आणि पेडल मऊ होऊन थेट तळाला टेकते. पॅडची झीज गॅरेजमध्ये नजरेने तपासली जाते, पण वर्षानुवर्षे तेच राहिलेले ऑइल बाहेरून स्वच्छ दिसू शकते, म्हणून मला ते अधिक काळजीचे वाटते. कोकणासारख्या दमट हवेत वावरणाऱ्या गाडीचे ब्रेक ऑइल, पातळी ठीक असली तरी, दोन वर्षांनी बदलून घेतलेच पाहिजे.

प्रतिबंधाचा खरा उपाय मात्र गिअरमध्ये आहे. ॲक्सिलरेटर सोडून गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवली, की चाके इंजीन फिरवू लागतात आणि त्या फिरवण्यात ऊर्जा खर्ची पडते. ही उष्णता इंजिनाच्या शीतन यंत्रणेतून आणि सायलेन्सरमधून निघून जाते, ब्रेकपर्यंत येतच नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढला त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम शास्त्राला धरून आहे. ऑटोमॅटिक गाडीतही एल किंवा मॅन्युअल स्थिती त्यासाठीच दिलेली असते. गिअर उताराच्या आधी घ्यावा, कारण वेग वाढल्यावर खालचा गिअर घेणे अवघड होते.

याउलट, इंधन वाचेल म्हणून उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडणारे अजूनही पुष्कळ आहेत, आणि हा समज घातक असण्याबरोबर चुकीचाही आहे. आजच्या इंजिनांत गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला, की पुरेशा वेगावर इंधनाचा पुरवठा आपोआप थांबतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजीन चालू ठेवण्यासाठी इंधन जळतच राहते. इंजीन बंद करणे तर त्याहून वाईट, कारण ब्रेकला मदत करणाऱ्या बूस्टरमधली निर्वात स्थिती दोन-तीन वेळा पेडल दाबताच संपते आणि स्टिअरिंगही जड होते. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणारा उतार अवजड वाहनांच्या अपघातांसाठी कुप्रसिद्ध झाला आहे. ट्रकचे ब्रेक हवेच्या दाबावर चालत असल्याने तिथे ऑइल उकळण्याचा प्रश्न नसतो, पण वजन अनेक पटींनी जास्त असते आणि ड्रम तापून ब्रेक क्षीण होण्याचा धोका तसाच राहतो.

वेगाचे गणितही साधे आहे. ५ टक्के उतारावर, म्हणजे दर १०० मीटरला ५ मीटर खाली जाणाऱ्या रस्त्यावर, १५०० किलोची गाडी ताशी ४० किलोमीटरने उतरताना सुमारे ८ किलोवॉट दराने ऊर्जा मोकळी करते, ६० ने उतरताना १२ किलोवॉट. एकूण ऊर्जा तीच असली तरी सावकाश उतरणाऱ्या गाडीच्या ब्रेकना निवायला जास्त वेळ मिळतो. पेडलवर पाय हलकाच टेकवून ठेवण्यापेक्षा वेग वाढल्यावर ठाम ब्रेक लावून पाय पूर्ण काढावा. त्याने एकूण उष्णता फारशी घटत नाही, कारण ती उंचीवरून ठरते, पण पॅडला आणि त्यामागच्या ऑइलला उसंत मिळते. विजेच्या गाड्या हीच ऊर्जा बॅटरीत परत भरतात. मात्र बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर तिला ती घेता येत नाही, म्हणून घाटमाथ्यावरच्या हॉटेलात १०० टक्के चार्ज करून लगेच उतरू नये.

सपाट रस्त्यावरही एकच चाक तापत असेल, तर कॅलिपरची पिन किंवा पिस्टन अडकला असण्याची शक्यता असते आणि मेकॅनिकला ते लगेच दाखवावे. घाटात पेडल अचानक तळाला गेले, तर ते भराभर मारावे, गिअर एकेक खाली आणावा आणि हँडब्रेक हळूहळू ओढावा. इंजीन बंद करू नये. वास येताच सुरक्षित जागी थांबावे, गाडी रिव्हर्स गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावावा आणि तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नये, कारण एकाएकी आकुंचन पावून ती वाकडी होऊ शकते किंवा तिला चीर जाऊ शकते. थांबल्यावर वारा बंद होतो आणि डिस्कमधली उष्णता कॅलिपरमध्ये शिरत राहते, त्यामुळे ऑइल गाडी उभी असतानाच उकळू शकते. म्हणून अर्धा तास तरी थांबावे, आणि निघण्यापूर्वी इंजीन सुरू करून, गाडी जागेवरच असताना, पेडल घट्ट लागते की नाही हे दाबून पाहावे.