माळ्यावरचा अ‍ॅम्प्लिफायर खाली काढलात? प्लग लावण्याआधी एवढं वाचा

गेल्या काही वर्षांत आमच्याकडे एका प्रकारचं गिऱ्हाईक वाढलं आहे. मुलं मार्गाला लागली, नोकरी संपली किंवा संपत आली, आणि ऐन तिशीत हौसेने घेतलेला अ‍ॅम्प्लिफायर माळ्यावर जुन्या चादरीत गुंडाळून पडलेला. आता पुन्हा निवांत बसून गाणं ऐकायचं आहे, पण त्यासाठी लाखभर रुपये घालायची तयारी नाही. ही मंडळी दुकानात आली की आम्हाला मनापासून आनंद होतो. जुना सेट पुन्हा गाता करायला फार पैसा लागत नाही, हे आम्ही रोज बघतो.

बिल वाढतं ते बहुतेक वेळा एका मिनिटाच्या घाईने. सेट माळ्यावरून काढला, धूळ झटकली आणि ‘चालतो का बघू’ म्हणून थेट भिंतीतल्या प्लगला लावला. हे पत्रक मुख्यतः त्या एका मिनिटाबद्दल आहे.

थेट प्लग का लावू नये

अ‍ॅम्प्लिफायरच्या पोटात डब्यासारखे दोन मोठे कंडेन्सर असतात. पुस्तकात त्यांना कपॅसिटर म्हणतात, बाजारात कंडेन्सरच. आत अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याची गुंडाळी असते आणि त्या पत्र्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर. वीज अडवण्याचं काम तो थर करतो. सेट वापरात असला की थर आपोआप टिकून राहतो. दहा-वीस वर्षं वीजच मिळाली नाही तर तो झिजतो. अशा कंडेन्सरला एकदम पूर्ण दाब (व्होल्टेज) दिला की आतून वीज गळते, तो तापतो, डोकं फुगतं आणि कधी फुटतोही. त्याच्यामागोमाग स्पीकरला जोर देणारे आउटपुट ट्रान्झिस्टरही जाऊ शकतात. ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला आणि सेटमध्ये बिघाड होताच स्पीकर तोडणारा प्रोटेक्शन रिले नसला, तर डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज) सरळ स्पीकरमध्ये घुसतो आणि वूफरची, म्हणजे खर्जाच्या मोठ्या स्पीकरची, कॉइल काही सेकंदांत जळते. म्हणजे चाचणीपुरता लावलेला प्लग स्पीकरही घेऊन जातो.

यंदा दिवाळीच्या साफसफाईत निघालेला एक सेट आमच्याकडे आला. फ्यूज होल्डर उघडला तर फ्यूजला चॉकलेटचा चंदेरी कागद गुंडाळलेला. पहिल्यांदा लावल्यावर फ्यूज उडाला होता, घरात दुसरा नव्हता, म्हणून मुलाने कागद लावून पुन्हा चालू केला. गुंई असा आवाज आला, मग वास. झाकण काढल्यावर आम्हाला दिसलं ते असं: १०,००० मायक्रोफॅरड, ६३ व्होल्टच्या दोन कंडेन्सरपैकी एकाचं डोकं वर आलेलं, बुडाशी तपकिरी चिकट द्रव सुकलेला. चारपैकी दोन आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट. मल्टिमीटर लावला की नुसता बीप. त्यांच्या शेजारचे ०.२२ ओहमचे रेझिस्टर कोळशासारखे काळे. ट्रान्सफॉर्मरला नाक लावलं तर जळलेल्या वॉर्निशचा वास. हीटसिंकच्या मागे पालीच्या अंड्यांची टरफलंही होती, पण त्यांनी काही बिघडवलं नव्हतं.

हा सेट न लावता आला असता तर दोन कंडेन्सर, बटणांची सफाई आणि दोन दिवस एवढंच काम होतं. प्रत्यक्षात ट्रान्सफॉर्मर नव्याने गुंडाळून आणावा लागला, त्यातच आठ दिवस गेले. ट्रान्झिस्टरची जुळणारी जोडी शोधायला आणखी काही दिवस. सगळं मिळून तीन आठवडे, आणि बिल चौपट. ते गृहस्थ एका शब्दानेही बोलले नाहीत, पण आम्हालाच वाईट वाटलं.

म्हणून फ्यूजबद्दल हात जोडून सांगणं आहे. फ्यूज उडाला तर मागच्या पट्टीवर लिहिला असेल तेवढ्याच अँपिअरचा एकदा बदलता येतो. दुसऱ्यांदा उडाला तर थांबा. तार, चंदेरी, जाड फ्यूज यांपैकी काहीही नको.

मग सुरू कसा करायचा

आमच्या काउंटरवर एक सिरीज बोर्ड आहे. त्यात ६० वॅटचा साधा फिलामेंटचा दिवा सेटच्या वाटेत जोडलेला असतो. एलईडी दिवा इथे चालत नाही. सेटला जाणारी सगळी वीज आधी दिव्यातून जाते, त्यामुळे आत शॉर्ट असला तरी पाव अँपिअरच्या आसपासच करंट वाहतो आणि पुढचं नुकसान होत नाही. स्पीकर काढून ठेवून सेट लावला की दिवा क्षणभर उजळतो आणि मग मंद लालसर होतो. तसं झालं तर सेटची तब्येत बरी आहे. दिवा पूर्ण तेजाने जळतच राहिला तर आत शॉर्ट आहे, आणि ते आपल्याला काहीही न जळता कळलं. त्यानंतर आम्ही व्हेरिअ‍ॅकवर (व्होल्टेज कमीजास्त करायच्या ट्रान्सफॉर्मरवर) दाब थोडाथोडा वाढवत काही तास ठेवतो, म्हणजे झिजलेला थर पुन्हा धरतो. जो कंडेन्सर धरत नाही तो बदलायचा.

दिव्याची ही चाचणी आम्ही मोफत करतो, दहा मिनिटं लागतात. पुढचं काम तुम्ही दुसरीकडून करून घेतलंत तरी हरकत नाही. हा बोर्ड घरी करायचा मोह मात्र नवख्यांनी टाळावा, त्यात उघडी २३० व्होल्टची जोडणी असते. झाकण उघडून आत बोट घालणंही नको. प्लग काढल्यावरही मोठ्या कंडेन्सरमध्ये वीज साठून राहते.

परदेशातून आलेल्या सेटची आणखी एक गोष्ट. बऱ्याच सेटच्या मागच्या बाजूला व्होल्टेजचा खटका असतो, तो आधी बघा. कोकणातल्या आणि मुंबईतल्या किती तरी घरांत आखातातून आणलेले डेक आहेत. सौदीत बऱ्याच घरांना १२७ व्होल्टचा पुरवठा असायचा, तेव्हा तिथून आलेल्या सेटचा खटका ११०–१२७ वर असू शकतो. तो तसाच इथे लावला तर संपलाच. अमेरिकेतून आलेल्या काही टर्नटेबलांत वेगळी अडचण येते. सिंक्रोनस मोटर, म्हणजे विजेच्या हर्ट्झप्रमाणे वेग धरणारी मोटर, ६० हर्ट्झवर बेतलेली असते, आपल्याकडे ५० हर्ट्झ. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावूनही रेकॉर्ड सहाव्या हिश्शाने सावकाश फिरते आणि लताबाईंचा आवाज ओळखू येत नाही. त्यावर पुली बदलणं हा उपाय आहे, ती आम्ही लेथवर करून देतो.

पैसे कुठे घालायचे

आधी स्पीकर बघा. वूफरच्या कडेची फोमची रिंग बोट लावताच चुऱ्यासारखी पडत असेल तर स्पीकर टाकून देऊ नका. आपल्या दमट हवेत फोम वीसेक वर्षांत जातोच, पण कोन आणि कॉइल बहुधा शाबूत असतात. नवी रिंग बसवली की तोच स्पीकर पुढची कित्येक वर्षं वाजतो. नव्या जोडीच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ आहे. आमच्या मते बेताच्या पैशात याहून चांगला खर्च दुसरा नाही.

वॅटच्या आकड्यांमागे लागू नका. नव्वदीतल्या खोक्यांवर हजारांत लिहिलेले पीएमपीओ (क्षणभराच्या कमाल जोराचे) वॅट कशालाच धरून नव्हते. आरएमएस, म्हणजे सतत देता येणाऱ्या वॅटचा, आकडा बघा. एक वॅट दिल्यावर एक मीटरवर ८७ डेसिबल देणारा साधा स्पीकर १६ वॅटला ९९ डेसिबलपर्यंत जातो. बारा बाय दहाच्या हॉलमध्ये एवढ्या आवाजात शेजारी दार ठोठावतील. वॅट दुप्पट केले तर वाढ फक्त ३ डेसिबलची. त्यामुळे तुमचा जुना २० वॅटचा सोनोडाइन किंवा कॉस्मिक अजून पुरेसा आहे. त्याच्याऐवजी नवा घ्या, असं आम्ही सांगणार नाही.

वायरवरही पैसे उधळू नका. स्पीकर पाच मीटरच्या आत असतील तर तांब्याची दीड एमएमची फिटिंगची वायर उत्तम. फक्त टोकं नीट पिळून घ्या. एक केसाएवढी तार शेजारच्या टर्मिनलला टेकली की आउटपुट ट्रान्झिस्टर जातो. हे कामही आमच्याकडे दर महिन्याला येतं.

सुरुवातीला गाण्यासाठी हेडफोनचं भोक असलेला मोबाइल आणि तो अ‍ॅम्प्लिफायरला जोडणारी ३.५ एमएम टू आरसीए केबल पुरे. टर्नटेबल नंतर घ्या. तो ऑक्सला (साध्या इनपुटला) जोडला आणि आवाज बारीक, किनरा आला, तर टर्नटेबल बिघडलेला नसतो. सुई बसवलेल्या मॅग्नेटिक कार्ट्रिजमधून जेमतेम ५ मिलिव्होल्ट निघतात, सीडी प्लेअरमधून दोन व्होल्ट. शिवाय रेकॉर्ड कापताना खर्ज कमी आणि वरचे सूर जास्त केलेले असतात, ते परत सरळ करावे लागतात. दोन्ही कामं फोनो प्रीअ‍ॅम्प करतो. तो आम्ही लहानशा डब्यात बनवून देतो, तुमच्या अ‍ॅम्प्लिफायरला फोनो इनपुट असेल तर त्याचीही गरज नाही.

घरात आजोबांच्या लाखेच्या ७८ च्या तबकड्या असतील तर त्या स्पिरिटने किंवा सॅनिटायझरने कधीही पुसू नका, लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. एलपीच्या सुईने त्या वाजवूही नयेत. त्यांची खाच रुंद असते, सुई वेगळी लागते.

व्हॉल्यूम फिरवताना खरखर येत असेल तर शिवणयंत्राचं तेल नको. दोन दिवस बरं वाटतं, मग त्या तेलाला धूळ चिकटून बटण कायमचं बिघडतं. अर्ध्या तासाच्या सफाईऐवजी मग त्या मापाचं नवं बटण शोधत आम्हाला पुण्यातला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार, तपकीर गल्ली, पालथी घालावी लागते.

आम्हाला वेळ का लागतो

‘समोरचा तासाभरात करून देतो’ असं आम्हाला अनेकदा ऐकावं लागतं. त्यावर आमचं म्हणणं असं. बाजारात आउटपुट ट्रान्झिस्टर आणि एसटीके आयसी (त्यांचंच काम एका तुकड्यात करणाऱ्या चिप) खोटे फार मिळतात. वर छाप अगदी खरी, आत चिप लहान. लावल्यावर वाजतात आणि लग्नकार्यात आवाज वाढवला की जातात. आम्ही प्रत्येक नग मोजून मगच लावतो, आणि काम झाल्यावर सेट डमी लोडवर (स्पीकरऐवजी जोडलेल्या रेझिस्टरवर) चार तास चालवतो. एवढं करायला दिवस जातात. सेट उघडून तपासायचे तीनशे रुपये घेतो, दुरुस्ती आमच्याकडे केली तर ते बिलातून वजा होतात. काढलेले जुने भाग पिशवीत घालून परत देतो. खर्चाचा आकडा आधी फोनवर कळवतो, तुम्ही हो म्हटल्याशिवाय सोल्डरिंग गन तापत नाही.

ज्यांच्याकडे जुना सेटच उरलेला नाही, त्यांच्यासाठी आम्ही दुरुस्त केलेले चार-पाच अ‍ॅम्प्लिफायर दुकानात नेहमी असतात, सहा महिन्यांच्या हमीसह. आवडीची सीडी किंवा मोबाइल घेऊन या, बसून ऐका, त्याच दिवशी घ्यायलाच हवा असं नाही.

सेट आणताना स्पीकरही बरोबर आणा, निदान एक तरी. अ‍ॅम्प्लिफायर रिक्षात आडवाच ठेवा, उभा नको, जड ट्रान्सफॉर्मरने चेसिस वाकते. आणि मधल्या काळात कोणी प्लग लावला असेल, फ्यूज बदलला असेल, काही वास आला असेल, तर तेवढं आल्याआल्या सांगा. आम्ही रागावत नाही, तपासणी कुठून सुरू करायची ते कळतं आणि तुमचे दोन दिवस वाचतात.